सरासरीपासून किती दूर?

दोन वर्षं पूर्ण झालेली मुलगी अंगणवाडीच्या वजनकाट्यावर उभी राहते. काट्याने ९ किलोच्या खालचा आकडा दाखवला की वाढीच्या तक्त्यावरचा तिचा ठिपका हिरव्या पट्ट्यातून पिवळ्या पट्ट्यात उतरतो. वजन ८ किलो १०० ग्रॅमच्याही खाली असेल तर तो नारंगी पट्ट्यात जातो आणि तिची नोंद तीव्र कमी वजनाच्या मुलांत होते. पुढचा आहार, तपासणी, सेविकेच्या घरभेटी हे सगळं त्या नोंदीवरून सुरू होतं. पण हे ९ आणि ८.१ आले कुठून? साडेआठ का नाही, दहा का नाही?

याचं उत्तर वैद्यकशास्त्रात कमी आणि सांख्यिकीत जास्त सापडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीची नवी मानकं जाहीर केली. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार मुलांची मापं घेतली होती. मुलं मुद्दाम अशा घरांतली निवडली होती, जिथे खाण्यापिण्याची ददात नाही, बाळाला आईचं दूध मिळालं आहे आणि आई धूम्रपान करत नाही. थोडक्यात, वाढीच्या आड यावं असं काही नाही. आपल्याकडची मुलं दिल्लीतली होती. अशा दोन वर्षांच्या मुलींचं मधलं वजन ११.५ किलो भरलं. तिथून दोन ‘प्रमाण विचलनं’ खाली उतरलं की ९ येतात, तीन उतरलं की ८.१. तक्त्यावरच्या पिवळ्या आणि नारंगी पट्ट्यांच्या सीमा त्या याच.

प्रमाण विचलन अकरावी-बारावीच्या पुस्तकात भेटतं. सूत्र पाठ होतं, चार गणितं सुटतात आणि परीक्षा संपली की ते डोक्यातून जातं. खरं तर आयुष्यात त्याच्याशी गाठ पडते ती त्यानंतरच. आईच्या हाडांच्या घनतेचा अहवाल, मतदानपूर्व पाहणीतला ‘अधिक-उणे तीन टक्के’, पावसाचा अंदाज, या सगळ्यांच्या पोटात तेच बसलेलं असतं. तेव्हा ते एकदा नीट समजून घेतलेलं बरं.

सुरुवात सरासरीच्या अपुरेपणापासून करू. मुंबई आणि नागपूर या दोन्ही शहरांचं वर्षभराचं सरासरी तापमान २७ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. केवळ या आकड्यावर विसंबून कुणी मुंबईकर मे महिन्यात नागपूरला गेला तर त्याचे काय हाल होतील हे सांगायला नको. मुंबईत सर्वांत थंड आणि सर्वांत उष्ण महिन्यांच्या सरासरीत पाच-सहा अंशांचा फरक असतो. नागपुरात तो पंधरा अंशांच्या घरात जातो. सरासरी एकच, पण एका शहरात तापमान तिच्याभोवती घुटमळतं, दुसऱ्यात ते तिला सोडून लांब जातं. ही लांब जाण्याची सवय एका आकड्यात कशी पकडायची, हा प्रश्न आहे.

समजा, एसटीच्या दोन गाड्या आहेत. पहिली पाच दिवसांत ८, ९, १०, ११ आणि १२ मिनिटं उशिरा आली. दुसरी एक दिवस अगदी वेळेवर, मग ५, १०, १५ आणि २० मिनिटं उशिरा. दोघींचा सरासरी उशीर दहाच मिनिटं. आता प्रत्येक दिवस सरासरीपासून किती दूर आहे ते पाहू. पहिल्या गाडीसाठी उणे दोन, उणे एक, शून्य, एक, दोन. यांची बेरीज केली तर शून्य येते, आणि ती नेहमीच येणार, कारण सरासरीची व्याख्याच तशी आहे. म्हणून बेरजेआधी प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा: ४, १, ०, १, ४. बेरीज १०, पाचाने भागून २. या दोनाला प्रचरण म्हणतात. पण ते ‘वर्ग मिनिटां’त आहे आणि वर्ग मिनिट ही वस्तू कुणी पाहिलेली नाही. म्हणून वर्गमूळ काढून परत मिनिटांत यायचं: १.४. हे झालं पहिल्या गाडीचं प्रमाण विचलन. दुसरीचं याच रीतीने सातच्या थोडं वर येतं. पहिल्या गाडीच्या भरवशावर पुढची गाडी पकडायचं ठरवता येईल, दुसरीच्या नाही.

इथे चौकस विद्यार्थी नेहमी अडतो आणि त्याचं अडणं योग्य असतं. वर्ग कशाला? उणे चिन्ह सोडून देऊन साध्या अंतरांची सरासरी काढली तर काय बिघडलं? काहीच बिघडत नाही, तसंही एक माप आहे. पण वर्गांच्या मापात एक असा गुण आहे जो साध्या अंतरांत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन गोष्टींची बेरीज केली तर त्यांच्या प्रचरणांचीही सरळ बेरीज होते. गाडीच्या उशिराचं प्रमाण विचलन ३ मिनिटं आणि रिक्षाचं ४ असेल, तर दोन्ही मिळून प्रवासाचं ७ होत नाही. ९ आणि १६ मिळून २५, म्हणून ते ५ होतं. हा काटकोन त्रिकोणाचाच हिशेब आहे. सगळी अनिश्चितता एकाच दिवशी एकाच दिशेने येत नाही, काही परस्पर कापली जाते. हे वर्गांना कळतं, साध्या अंतरांना कळत नाही. (कॅल्क्युलेटरवर एकदा ‘एन’ने, म्हणजे आकड्यांच्या संख्येने, आणि एकदा ‘एन वजा एक’ने भागणारी दोन बटणं असतात, त्याचा खुलासा इतकाच: हातात सगळी लोकसंख्या नसून नमुना असेल, तर सरासरीही त्याच नमुन्यातून काढलेली असते. त्यामुळे पसारा खऱ्यापेक्षा थोडा कमी दिसतो. एकाने कमी संख्येने भागून ती तूट भरून काढतात. नमुना मोठा असेल तर फरक नगण्य.)

आता त्या प्रसिद्ध वक्राकडे वळू. मध्ये उंच, दोन्ही बाजूंना सारखा उतरत जाणारा, टेकडीसारखा. मराठीत त्याला प्रसामान्य वितरण म्हणतात, बोलताना घंटाकृती वक्र.

तो पहिल्यांदा कागदावर आला तो जुगाराच्या निमित्ताने. आब्राहाम द म्वाव्र हा फ्रेंच प्रॉटेस्टंट. १६८५ साली फ्रान्सने प्रॉटेस्टंटांना दिलेलं संरक्षण काढून घेतलं आणि त्यानंतर तो लंडनला आला. न्यूटनशी स्नेह असूनही त्याला विद्यापीठात जागा कधीच मिळाली नाही. शिकवण्या करायच्या आणि कॉफीगृहात बसून जुगाऱ्यांना डावांचं गणित सांगायचं, यावर त्याने दिवस काढले. त्याच्यापुढचा प्रश्न असा होता: नाणं शेकडो वेळा उडवलं तर छापांची संख्या निम्म्यापासून किती ढळेल? शंभर फेकींचा पूर्ण हिशेब हाताने करायचा म्हणजे प्रचंड गुणाकार. त्याने वाट काढली आणि नोव्हेंबर १७३३ मध्ये मित्रांमध्ये वाटलेल्या एका छोट्या लॅटिन पत्रकात मांडली. फेकी वाढत गेल्या की शक्यतांचा आलेख एका गुळगुळीत वक्राकडे झुकतो, आणि ढळण्याचं माप फेकींच्या संख्येच्या वर्गमूळाप्रमाणे वाढतं. शंभर फेकींत अपेक्षा ५० छापांची आणि प्रमाण विचलन ५. दहा हजार फेकींत अपेक्षा ५,००० आणि विचलन ५०. म्हणजे फेकी शंभरपट, पण ढळणं दहापटच. टक्केवारीत पाहिलं तर पाच टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर.

मतदानपूर्व पाहण्यांचं सगळं अर्थशास्त्र या वर्गमूळावर उभं आहे. हजार माणसांना विचारलं तर चूक अधिक-उणे तीन टक्क्यांच्या आसपास राहते. ती दीड टक्क्यावर आणायची तर दोन हजार पुरत नाहीत, चार हजार लागतात. अर्थात ही फक्त नशिबाने होणारी चूक. मतदार खोटं बोलला किंवा चुकीच्या वस्तीत पाहणी झाली तर द म्वाव्र काही करू शकत नाही.

त्यानंतर हा वक्र खगोलशास्त्रज्ञांच्या हाती गेला. सिसिलीतल्या पालेर्मोत जुझेप्पे पियाझ्झीला १ जानेवारी १८०१ च्या रात्री सेरेस हा लघुग्रह दिसला आणि काही आठवड्यांत तो सूर्याच्या तेजात हरवला. हाती होती ती मोजकी निरीक्षणं, तीही थोड्याफार चुकांसकट. त्यांवरून जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउसने कक्षा मांडली आणि वर्षअखेरीस सेरेस त्या कक्षेवर पुन्हा सापडला. निरीक्षणांतल्या चुका या घंटाकृती नियमाने वागतात, हे गृहीत धरून गाउसने १८०९ साली आपली पद्धत ग्रंथात मांडली. जर्मनीने युरो येण्याआधीच्या दहा मार्कांच्या नोटेवर गाउससोबत हा वक्रही छापला होता. गाउसच्या ग्रंथानंतर दुसऱ्याच वर्षी, १८१० मध्ये, फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने या वक्राचं खरं मर्म सांगितलं. एखादी राशी अनेक लहानसहान, परस्परांपासून स्वतंत्र कारणांच्या बेरजेतून बनत असेल आणि त्यांतलं एकही कारण बाकीच्यांना भारी पडत नसेल, तर बेरीज या वक्रात बसते. मुळातली कारणं कशीही का असेनात. याला मध्यवर्ती सीमा प्रमेय म्हणतात. मला तरी हा सगळ्या गणितातल्या सर्वांत अनपेक्षित सिद्धांतांपैकी एक वाटतो, कारण तो सांगतो की गोंधळात गोंधळ मिसळत गेलं की शेवटी शिस्त येते.

माणसाची उंची अशीच घडते. शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा, आहार, लहानपणची आजारपणं, झोप. म्हणूनच माणसांच्या मापांत हा वक्र दिसला तेव्हा तो शोधणारा हरखून गेला. बेल्जियमचा आडॉल्फ केतले मुळात खगोलशास्त्रज्ञ. त्याने स्कॉटलंडच्या ५,७३८ सैनिकांच्या छातीच्या मापांचा आलेख काढला. सरासरी ४० इंचांच्या जराशी खाली, विचलन दोन इंचांच्या आसपास, आणि आकार अगदी गाउसच्या चुकांसारखा. जणू निसर्ग एका आदर्श माणसावर नेम धरतो आहे आणि आपण सगळे त्याचे थोडे थोडे हुकलेले नेम आहोत, असा अर्थ केतलेने लावला. हा अर्थ मला पटत नाही. माणसांतलं वैविध्य ही काही कुणाची चूक नव्हे.

पण याच केतलेची दुसरी करामत मात्र दाद देण्यासारखी आहे. फ्रान्समध्ये सक्तीची सैन्यभरती होती आणि १५७ सेंटिमीटरपेक्षा ठेंगण्या तरुणांना सूट मिळे. केतलेने एक लाख तरुणांच्या उंचीचा आलेख तपासला तेव्हा त्या मर्यादेच्या किंचित खाली माणसं हवी त्यापेक्षा जास्त निघाली आणि किंचित वर तेवढीच कमी. टेकडीच्या उतारावर एका जागी उंचवटा आणि लगेच शेजारी खड्डा. निष्कर्ष उघड होता: सुमारे दोन हजार जण गुडघे वाकवून किंवा अधिकाऱ्याशी संधान बांधून ठेंगणे झाले होते. कुणाचंही नाव न घेता, एकालाही न तपासता, निव्वळ आकारावरून लबाडी पकडली गेली. आजही ही युक्ती चालते. उत्तीर्णतेच्या सीमेवर सवलतीचे गुण देणाऱ्या कोणत्याही परीक्षेचा आलेख काढला तर ३५ च्या खाली खड्डा आणि ३५ वर सुळका दिसेल. तिथे मात्र लबाडी नसून परीक्षकांची दया असते.

केतलेनंतर इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने हा वक्र डोळ्यांना दिसेल असं यंत्र बनवलं. उभ्या फळीवर खिळ्यांच्या ओळी, वरून छर्रे सोडायचे. प्रत्येक खिळ्याशी छर्रा डावीकडे किंवा उजवीकडे वळतो आणि तळाच्या कप्प्यांत टेकडी तयार होते. ‘प्रमाण विचलन’ हे माप ज्या नावाने जगभर ओळखलं जातं ते गाल्टनचा अनुयायी कार्ल पिअर्सन याने १८९३ साली दिलं. या दोघांची दुसरी बाजूही सांगायला हवी. वक्राच्या उजव्या टोकाची माणसं श्रेष्ठ, डाव्या टोकाची कनिष्ठ, आणि समाजाने कुणाची वीण वाढू द्यावी हे त्यावरून ठरवावं, या सुप्रजननवादाचा गाल्टन जनक आणि पिअर्सन पुरस्कर्ता. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने २०२० साली आपल्या इमारतींवरून दोघांची नावं उतरवली. गणित टिकलं, त्यातून काढलेला तो अर्थ कुजका निघाला.

वक्राचा व्यवहारातला उपयोग तीन आकड्यांत मावतो. राशी प्रसामान्य असेल तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना एकेका विचलनात ६८ टक्के माणसं येतात, दोन विचलनांत ९५ टक्के, तीन विचलनांत ९९.७ टक्के. आता अंगणवाडीच्या तक्त्यावर हे लावून पाहा. दोन विचलनांच्या खाली उरतात २.३ टक्के. म्हणजे हजार मुलं सर्वस्वी निरोगी, भरल्या घरातली असली तरी त्यांतली २३ त्या रेषेखाली असणारच. ती मुळातच बारीक चणीची. तीन विचलनांखाली हजारात जेमतेम एक.

मग महाराष्ट्रात किती आहेत? २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार पाच वर्षांखालची ३६.१ टक्के मुलं कमी वजनाची. अपेक्षा २.३ ची, प्रत्यक्षात ३६.१. हा आकडा वाचून बहुतेकांच्या मनात येतं की तिघांतलं एक मूल कुपोषित, बाकी दोघं ठीक. वक्र तसं म्हणत नाही. टेकडीचा आकार फारसा न बदलता ३६ टक्के भाग रेषेखाली जायचा असेल, तर अख्खी टेकडीच डावीकडे सरकलेली असावी लागते. हिशेब केला तर हे सरकणं दीड विचलनाहून अधिक भरतं. म्हणजे हिरव्या पट्ट्यातली पुष्कळ मुलंही, जितकी भरायला हवी होती तितकी भरलेली नाहीत. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ याने १९८५ साली एका लेखात हाच मुद्दा आजारांबद्दल मांडला होता: टोकाला असलेल्या रुग्णांवर उपचार करणं एक आणि सगळी लोकसंख्याच सरकवणं वेगळं. नारंगी पट्ट्यातल्या मुलाला वेगळा आहार दिलाच पाहिजे. पण त्यावर थांबणारी योजना टेकडी होती तिथेच ठेवते.

आता या लेखातल्या खऱ्या अडचणीच्या जागेवर येतो. रेषा दोन विचलनांवरच का? गणितात तसं कुठेही लिहिलेलं नाही. इंग्रज सांख्यिकीतज्ज्ञ रोनाल्ड फिशर याने १९२५ च्या आपल्या पुस्तकात सुमारे दोन विचलनांची मर्यादा सोयीची म्हणून सुचवली आणि ती रूढ झाली. कारण सोय, एवढंच. हाडांच्या घनतेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली वेगळी रेषा घेतली: तरुण, निरोगी स्त्रियांच्या सरासरीपेक्षा अडीच विचलनं खाली म्हणजे हाडांचा ठिसूळपणा. अहवालावर उणे २.४ आलं तर ती बाई एका रकान्यात आणि उणे २.५ आलं तर दुसऱ्या, हाडांत मात्र त्या दोन आकड्यांमध्ये काही कडेलोट होत नाही. भौतिकशास्त्रज्ञ सर्वांत कडक. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज बोसॉनसारखा कण सापडल्याचं जाहीर झालं ते पाच विचलनांची मर्यादा गाठल्यावरच, म्हणजे निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता पस्तीस लाखांत एकापेक्षा अधिक नसताना. विचलन हे अंतर मोजतं. किती अंतरावर हाक मारायची हे माणसं ठरवतात, आणि चुकीची किंमत काय आहे त्यावर ते ठरायला हवं.

रेषा कुठे ओढायची यावरून एक मोठा वाद आपल्याकडे पुण्यात झाला आणि आजच्या वाचकांना तो फारसा ठाऊक नाही. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. माणशी रोज सरासरी २,२५० उष्मांक मिळतील इतका खर्च ज्या कुटुंबाला परवडत नाही ते गरीब, अशी त्यांची कसोटी होती. त्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत जवळजवळ निम्मे लोक दारिद्र्यात होते.

याला आव्हान दिलं पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे फर्ग्युसनमध्ये शिकून लंडनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले. १९३६ साली त्यांनी तिथे पीएच.डी. मिळवली. नमुना पाहणीच्या शास्त्रात त्यांचं नाव जगभर झालं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत, रोममध्ये, दोन दशकं काढून ते पुण्याला परतले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: २,२५० ही गरजेची सरासरी आहे. निरोगी माणसांतही निम्म्यांची गरज सरासरीहून कमीच असणार. शिवाय एकाच माणसाची गरज दिवसागणिक वर-खाली होते आणि शरीर त्याला जुळवून घेतं. मग सरासरीपेक्षा कमी खाणाऱ्या प्रत्येकाला उपाशी कसं म्हणायचं? रेषा सरासरीवर नव्हे, सरासरीच्या दोन विचलनं खाली हवी.

हिशेब समजावा म्हणून गरजेचं विचलन १५ टक्के धरू. ते ३४० च्या जवळ येतं, दोन विचलनं म्हणजे ६७५, आणि रेषा २,२५० वरून १,५७५ वर उतरते. एवढ्या एका पायरीने भुकेल्यांची संख्या कितीतरी खाली येते. दांडेकर आणि इतर टीकाकारांचा आक्षेप दोन अंगांनी होता. एक, दोन विचलनांखाली केवळ तेच उरतात जे जवळजवळ निश्चितपणे अर्धपोटी आहेत. जास्त गरज असून मध्यम खाणारा शेतमजूर त्या मोजणीतून निसटतो. दुसरं, दारिद्र्यरेषा ही एकट्या माणसाच्या पोटाची तपासणी नसून कुटुंबाच्या ऐपतीची आहे, तिथे सरासरी गरज धरणंच योग्य. १९८० च्या आसपास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’च्या पानांवर हा वाद जोरात रंगला.

सांख्यिकी म्हणून पाहिलं तर सुखात्म्यांचा मुद्दा बिनतोड आहे: सरासरी ही किमान गरज नव्हे, आणि ती तशी वापरणं चूकच. पण कुणाला मोजायचं राहून गेलं तर चालेल, हा प्रश्न सांख्यिकीचा नाही, आणि तिथे मी दांडेकरांच्या बाजूचा आहे. पोटभर खाणारा चुकून गरिबांत धरला गेला तर सरकारचं थोडं धान्य जातं, उपाशी माणूस सुटला तर त्याचं बरंच काही जातं.

शेवटी, हा वक्र कुठे लावू नये हेही सांगायला हवं, कारण सर्वाधिक गैरवापर तिथेच होतो. वजनाचंच घ्या. दोन वर्षांच्या मुलग्यांचं मधलं वजन १२.२ किलो. दोन विचलनं खालची रेषा ९.७ वर आहे, वरची १५.३ वर. खाली अडीच किलोचं अंतर, वर ३.१ चं. टेकडी उजवीकडे लांबलेली आहे आणि मानकं बनवणाऱ्यांनी तेवढी दुरुस्ती करून घेतली आहे. उंचीला ती लागत नाही. उत्पन्न आणि संपत्तीला तर हा वक्र मुळीच लागू नाही. तिथे एक अब्जाधीश गावाची सरासरी फिरवतो, म्हणून मध्यक, म्हणजे बरोबर मधली किंमत, पाहावा. शेअर बाजारात न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक १९ ऑक्टोबर १९८७ या एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. रोजची हालचाल सहसा टक्काभर असते हे पाहता, प्रसामान्य वक्रानुसार असा दिवस विश्वाच्या आयुष्यातही यायला नको होता. तो आला, कारण घाबरलेले लोक एकमेकांना पाहून विकतात. लाप्लासची अट होती ती स्वतंत्र कारणांची, आणि नेमकी तीच मोडली.

पावसात तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. देशभरातल्या चार महिन्यांच्या मोसमी पावसाची बेरीज बरीचशी घंटाकृती असते, कारण ती हजारो ठिकाणच्या सव्वाशे दिवसांची बेरीज आहे. तिचं विचलन सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. २००९ मध्ये पाऊस सरासरीच्या ७८ टक्के झाला, १९७२ च्या दुष्काळात ७६ टक्के, म्हणजे दोन विचलनांच्या थोडं पलीकडे. असं सरासरीने ४४ वर्षांतून एकदा अपेक्षितच. पण एका ठिकाणचा एका दिवसाचा पाऊस या वक्राला जुमानत नाही. बहुतेक दिवस कोरडे किंवा किरकोळ सरींचे, आणि मग २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. दोहोंची सरासरी ५०८.५ येते. तिचा ना सांताक्रूझला उपयोग, ना कुलाब्याला.

तेव्हा वर्तमानपत्रात, शाळेच्या निकालात किंवा सरकारी अहवालात नुसती सरासरी छापलेली दिसली तर तिच्यासोबत विचलन मागा. आणि विषय पैशाचा, बाजाराचा किंवा पुराचा असेल तर विचलनावरही थांबू नका, सगळे आकडे मागा.